जंगल एक, गाव एक : वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की पत्रांचा सूर एकच होतो. सकाळी निघायचं, जंगल बघायचं, एखादं गाव बघायचं आणि रात्री घरच्या आमटी-भाताला परत. मी ३१ वर्षं ठाण्याहून एसटी हाकली. पेण, रोहा, मुरूड, शहापूर या रस्त्यांवरचा एकेक फाटा पाठ आहे. आता निवृत्त होऊन खारेगावात बसलो आहे, म्हणून संपादकांनी हे काम गळ्यात घातलं. पत्रं थोडी छाटून छापतो आहे, राग नसावा.

मे महिन्यात मुलीकडे अमेरिकेत होते, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी. एका शनिवारी जावयांनी गाडी काढली. सकाळी टॉगॅनॉकचा धबधबा, मग ट्रूमन्सबर्ग नावाच्या चिमुकल्या गावात कॉफी, दुपारी वॉटकिन्स ग्लेनची घळ. दोन स्टेट पार्क, मधे दोन-तीन गावं, रात्री घरी. कुठे धावपळ नाही. ठाण्याहून असं काही जमतं का, की आपल्याकडे नुसती रिसॉर्टं?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

ताई, जमतं. तुमचं पत्र वाचून नातवाला कामाला लावलं. त्याने सांगितलं की टॉगॅनॉक एका उडीत २१५ फूट पडतो, म्हणजे नायगाराहून उंच, आणि वॉटकिन्स ग्लेनच्या घळीत १९ धबधबे आहेत. त्या राज्याने नायगाराभोवतीची जागा १८८५ सालीच लोकांसाठी राखून ठेवली, तेव्हापासूनची ही सवय. आपल्याकडे ‘स्टेट पार्क’ अशी पाटी सापडायची नाही. जवळचं नातं लावायचं तर अभयारण्य. तेही राज्य सरकारच जाहीर करतं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. पण ते राखलंय जनावरांसाठी. तुम्हा-आम्हाला तिथे पाहुण्यासारखं वागावं लागतं, पाय पसरून बसता येत नाही.

तुमच्यासाठी पहिली वाट कर्नाळा आणि पेण. साडेपाचला घर सोडा. मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली, पळस्पे फाटा आणि गोवा रस्ता. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटरवर डाव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका दिसायला लागतो. अंगठा वर केल्यासारखा उभा आहे. वाटेत शिरढोण लागेल, थांबू नका. ते परतीला. जंगल आधी, गाव नंतर, हा माझा एकच नियम आहे. पाखरं सकाळी बोलतात, माणसं दिवसभर बोलतात.

मला हे शहाणपण कसं आलं ते सांगतो. जुलैचा महिना होता, पहाटेची पेण गाडी होती. कर्नाळ्याच्या खिंडीत झाड आडवं पडलेलं, पुढे दहा-बारा ट्रक थांबलेले. मी इंजिन बंद केलं. त्या खिंडीतून मी हजार वेळा गेलो असेन, पण इंजिन बंद करून कधीच नाही. पाऊस जरा थांबला आणि वरच्या झाडीतून शीळ आली. सरळ शीळ नाही हो, रिकामटेकडा पोरगा शाळेच्या वाटेवर सूर विसरत-विसरत घालतो ना, तशी. कंडक्टर म्हणाला, “कोण येडं एवढ्या पहाटे जंगलात शीळ घालतंय?” मागच्या सीटवर एक मास्तर होते, ते म्हणाले, “शीळकरी कस्तूर आहे तो, पक्षी.” पाऊण तास आम्ही चाळीस माणसं गाडीत बसून ऐकत होतो. झाड बाजूला केल्यावर गाडी सुरू करायची माझ्या जिवावर आली होती.

ती शीळ पावसाळ्यातली. आता थंडीत गेलात तर पाहुणे पक्षी उतरलेले असतील. नेहमीचे म्हणाल तर हरियल (हा आपला राज्यपक्षी, पुष्कळांना ठाऊक नसतं), भृंगराज, तांबट आणि नशीब असेल तर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक. अभयारण्य लहान आहे, सुमारे १२ चौरस किलोमीटर. आत मोरटाका आणि हरियाल अशा दोन निसर्गवाटा आहेत. तुम्ही वयाचा उल्लेख केलेला नाही, तरी सांगतो, किल्ला चढायचा हट्ट नको. चढ दीड-दोन तासांचा आहे आणि सुळक्याला मधमाश्यांची मोहोळं असतात. चढणाऱ्यांनी अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही खाली ठेवून जावं. दारावर पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात. स्टीलची बाटली न्या, रांगेतली दहा मिनिटं वाचतील.

दहा-साडेदहाला बाहेर पडा. पुढे खारपाड्याला पाताळगंगेचा पूल लागतो. तिथून रस्त्याच्या कडेचं रूप बदलतं, खाडी, खारफुटी, शेतं. मग हमरापूर. इथे आणि शेजारच्या जोहे गावात घराघरात गणपती घडतो. लोक ऑगस्टमध्ये येतात, घाईत एक मूर्ती उचलतात आणि जातात. तुम्ही आत्ता जा. या दिवसांत रांगेने पांढऱ्या कच्च्या मूर्ती वाळत असतात, ना मुकुटाला सोनं, ना सोवळ्याला रंग, ना डोळे. शेकड्याने गणपती आणि एकालाही नजर नाही. डोळ्यांची आखणी हा शेवटचा संस्कार, आणि तो करणारा हात प्रत्येक कारखान्यात वेगळा राखलेला असतो. विचारून आत जा, विचारून फोटो काढा. कुणी नाही म्हणत नाही.

जेवायला पेण. हॉटेलचं नाव सांगणार नाही, कारण सांगितलं की पुढच्या महिन्यात तिथे रांग लागते आणि चव जाते. स्टँडपासून बाजाराकडे चालत जा, जिथे गावातली माणसं ताटावर बसलेली दिसतील तिथे बसा. बिरड्याची उसळ असेल तर पहिली ती. निघताना पेणचे पोहे आणि पापड घ्या, वाल घ्या. आणि गावाकडे कुणी ओळखीचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत पोपटीचं आमंत्रण पदरात पाडून घ्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कुणाची कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. हे हॉटेलात मागवून खाण्याचं काम नाही, शेताच्या बांधावर बसून बोटं भाजत खायचं.

परतताना दोन पर्याय आहेत, दोन्ही करू नका. एक, सरळ रस्त्याने शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. १८४५ साली ते इथे जन्मले, १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात गेले. वाडा पाहायला अर्धा तास पुरतो. दुसरा, खारपाड्याहून साईमार्गे चिरनेर. माझं मत चिरनेरला. सकाळी तिकीट काढून आपण जंगलात शिरलो ना, तर याच डोंगररांगांत २५ सप्टेंबर १९३० ला जंगल कायद्याविरुद्ध सत्याग्रह झाला. अक्कादेवीच्या डोंगरात लोक झाडं तोडायला गेले, कारण जळणाच्या लाकडावर आणि चराईवरही सरकारने हात ठेवला होता. गोळीबार झाला, आठ जण गेले. गावात त्यांचं स्मारक आहे. आमच्या गाडीत चिरनेरचा एक म्हातारा चढायचा, तो जंगलाला ‘आमचं’ म्हणायचा आणि वनखात्याला ‘त्यांचं’. दिवसभर पाखरं पाहून संध्याकाळी त्या स्मारकापाशी उभं राहिलं की ते दोन शब्द माझ्या डोक्यात घोळत राहतात.

सातपर्यंत पाचपाखाडीत. कॉफी मात्र ट्रूमन्सबर्गसारखी मिळायची नाही. चहा मिळेल, आणि तो बरा असेल.

आमच्याकडे गाडी नाही. आई ७७ वर्षांची, मी ५२. आईला “कुठेतरी झाडं बघू या” असं वाटतंय. टॅक्सी परवडत नाही.
— एक वाचक, घणसोली

टॅक्सी कशाला हवी? ७५ च्या पुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे आणि बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे दोघींचं मिळून तिकीट अर्धं! आईंचं आधार कार्ड बरोबर ठेवा. पनवेल स्टँडवर पेण, अलिबाग, रोहा यांपैकी कुठलीही साधी गाडी धरा आणि चढतानाच कंडक्टरला “कर्नाळा अभयारण्य” असं सांगून ठेवा. विनाथांबा गाडीत बसू नका. ती थांबणार नाही आणि मग कंडक्टरशी भांडण ठरलेलं. ड्रायव्हरच्या बाजूने सांगतो, त्या उतारावर अचानक “अहो थांबवा, थांबवा” ओरडलं की छातीत धस्स होतं.

आत गेल्यावर आईंना फार चालवू नका. पहिल्या सपाट वाटेवर झाडाखाली बसायला द्या, तुम्ही गप्प बसा. येताना त्या रस्त्याला गाड्या भरधाव येतात, तेव्हा ओलांडताना घाई नको. थांब्यावर उभं राहून हात पूर्ण वर करा. पदराआड अर्धा केलेला हात ड्रायव्हरला दिसत नाही, हे मी शपथेवर सांगतो.

रेल्वेची हौस असेल तर दिवा–रोहा गाडी आहे. पनवेलनंतर सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण. खिडकीत बसून आपट्याच्या पुलावरून पाताळगंगा बघणं हीच निम्मी सहल.

तुमच्या सांगण्यावरून कर्नाळ्याला गेलो. चौदा जण होतो. एकही पक्षी दिसला नाही, माकडं मात्र दिसली. एका माकडाने वेफर्सचं पाकीट पळवलं. असल्या ठिकाणांची शिफारस करू नये.
— एक वाचक, खारघर

साहेब, तुमचं पूर्ण पत्र माझ्याकडे आहे. त्यात तुम्हीच लिहिलंय की पनवेलला मिसळ खाऊन दहाला निघालात, पाऊण वाजता दारात पोचलात आणि मुलांनी गाणी लावली होती. पाऊण वाजता पाखरू कशाला बोलेल? तेही जेवून झोपलेलं असतं. चौदा माणसं, स्पीकर आणि वेफर्स घेऊन एखाद्याच्या घरी गेलात तर घरचेसुद्धा आतल्या खोलीत जाऊन बसतील. माकडांचं म्हणाल तर तो दोष तुमच्या आधी येऊन त्यांना खायला घालणाऱ्यांचा. पाकीट गेलं ते ठीक, पण प्लास्टिक जंगलात गेलं ना?

पुन्हा चौघं जा, सातला जा. न दिसल्यास मला पत्र पाठवा, तेव्हा माफी मागेन.

मुलं ८ आणि ११ वर्षांची. शाळेत ‘आपल्या घरचं पाणी कुठून येतं’ असा प्रकल्प आहे. नुसतं धरण दाखवलं तर कंटाळतील. ठाण्यातून एक दिवस कसा आखावा?
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

शहापूर तालुका. तानसा, मोडकसागर, भातसा ही मोठी धरणं त्याच मुलखातली आणि पाणी पिते सगळी मुंबई. तानसाचं धरण १८९२ सालचं आहे. त्याच्याभोवतीचं जंगल म्हणजे तानसा अभयारण्य. नाशिक रस्त्याने पडघा, आसनगाव, शहापूर करत आटगावला जा आणि डावीकडे आत वळा. गाडी नको असेल तर कसारा लोकलने आसनगाव किंवा आटगाव, पुढे जीप. धरणाच्या भिंतीवर चढायचा हट्ट धरू नका, तिथे पहारा असतो. तलाव आजूबाजूनेही दिसतो.

मुलांना धरणाने कंटाळा येईल हे खरं, म्हणून त्यांना आधी रानपिंगळ्याची गोष्ट सांगा. हे एक छोटं घुबड. १८८४ नंतर ते कुणालाच सापडेना. जग समजलं की संपलं. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, आपल्याच नंदुरबारकडे पुन्हा दिसलं. आणि २०१४ मध्ये तानसाच्या जंगलात! म्हणजे आपल्या नळाच्या पाण्याशेजारी ते राहत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता. गंमत म्हणजे हे घुबड दिवसाढवळ्या फिरतं. तुम्हाला दिसेल याची शाश्वती मी देत नाही, पण शोधणारी मुलं कंटाळत नाहीत. हे साग-मोहाचं पानगळीचं जंगल. जानेवारीनंतर पानं झडली की पाखरं उघडी पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, तेव्हा गेलात तर उत्तम.

परतताना आसनगावहून माहुलीच्या पायथ्यापर्यंत जा. गड मोठा आहे, मुलांना घेऊन वर नको. खालूनच ते सुळके दाखवा आणि सांगा की १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीसाठीची शेवटची झुंज इथून दिली. मग शहापूरच्या बाजारात चक्कर. मे-जूनमध्ये करवंदं-जांभळं, पावसात रानभाज्या. कातकरी, ठाकर बायका टोपली घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका.

आणि प्रकल्पासाठी एक प्रश्न मुलांना त्या बायकांनाच विचारू द्या, “तुमच्या पाड्यात नळाला पाणी किती वेळ येतं?” एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. शेवटची काही वर्षं मी शहापूर मार्गावर होतो. एका बाजूला मुंबईला जाणारी माणूसभर उंचीची जलवाहिनी आणि तिच्या कडेने डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बाया, हे दृश्य रोज समोरच्या काचेत असायचं. हे वहीत लिहिलं तर मार्क किती मिळतील माहीत नाही.

एका दिवसात फणसाड, काशीद, कोर्लई, बिर्ला मंदिर, मुरूड आणि जंजिरा. सोबत यादी आणि वेळापत्रक जोडलं आहे. तपासून द्यावं.
— एक वाचक, नेरूळ

तपासलं. फाडून टाका.

तुमच्या वेळापत्रकात फणसाडला ४० मिनिटं दिली आहेत. ५० चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं जंगल! एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात, फणसाडगाण, चिखलगाण. सुपेगावच्या दारातून आत जाऊन एखाद्या गाणाजवळ तासभर न हलता बसलात तर शेकरू दिसेल. उदी-तांबडी, मांजराएवढी खार, एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारताना पान हललं असं वाटतं. ४० मिनिटांत तुम्हाला फक्त पार्किंग दिसेल.

शिवाय वडखळपर्यंतचा रस्ता कुणाच्या वेळापत्रकाला जुमानत नाही. एकदा मी स्वतः अशीच सहा ठिकाणांची यादी करून घरच्यांना नेलं होतं, सुट्टीवर असताना, भाड्याच्या जीपने. तीन ठिकाणं झाली, चौथ्याच्या वाटेवर वडखळला दोन तास अडकलो, बायकोने डब्यातल्या पोळ्या तिथेच वाटल्या. ती अजून पाहुण्यांना सांगते, “यांनी आम्हाला वडखळ नीट दाखवलं.”

मुरूडला आमची वस्तीची गाडी असायची. रात्री पोचायची, पहाटे निघायची. तुम्हीही वस्ती करा. राहायचं नसेल तर जंजिरा आणि जंगल दोन्ही सोडा आणि रेवदंडा-कोर्लई एवढंच ठेवा. कुंडलिकेच्या पुलापलीकडे कोर्लईत उतरून घटकाभर चावडीपाशी थांबा. गावातली काही कुटुंबं आपसात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली आहे, चारशे-पाचशे वर्षांची. मासळीचा भाव मात्र ते तुम्हाला मराठीतच सांगतील, आणि चढाच.

ऐरोलीला रोहित पक्षी पाहायला बोट कधी मिळते? दोनदा हेलपाटा झाला.
— एक वाचक, कळवा

शेजारी आहात, म्हणून पत्र शेवटी घेतलं. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक ‘रामसर’ यादीतही गेलं, पण बोट अजून समुद्राच्या हुकमावर चालते. पाणी उतरलं की चिखलात बोट हलत नाही. त्यामुळे रोजची वेळ वेगळी. आमच्या बाजूचे कोळी तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला भरती तीनला, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. थोडं मागेपुढे होतं. कालनिर्णय काढा, हिशोब करा आणि तरी निघण्याआधी ऐरोलीच्या केंद्रावर फोन करून आगाऊ जागा धरा. रविवारी तर नक्कीच.